बर्ड फ्लू : विद्यापीठ परिसरातील दक्षता व प्रवास

बर्ड फ्लू (एव्हियन इन्फ्लुएंझा) : इन्फ्लुएंझा ‘अ’ गटातील विषाणूंमुळे पक्ष्यांना होणारा सांसर्गिक रोग. बदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान. कोंबड्यांमध्ये एच५एन१ सारख्या तीव्र उपप्रकारांमुळे काही दिवसांत मोठी मरतूक होते. माणसाला लागण क्वचित होते. ती बहुधा आजारी वा मेलेले पक्षी, त्यांची विष्ठा किंवा स्राव यांच्या थेट संपर्कातून होते. एच५एन१ ची पहिली मानवी लागण १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये नोंदली गेली; त्या वेळच्या १८ रुग्णांपैकी ६ दगावले. माणसाकडून माणसाकडे सातत्याने प्रसार झाल्याचे आढळलेले नाही.

महाराष्ट्रातील प्रादुर्भाव : भारतातील पाळीव कोंबड्यांमधील एच५एन१ ची पहिली नोंद नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची. गुजरात सीमेलगतच्या या तालुक्यात अंडी देणाऱ्या कोंबड्यांची मोठी पोल्ट्री केंद्रे दाटीने वसली आहेत. मरतूक सुरू झाली तेव्हा ती राणीखेत (मानमोडी) रोगाची असावी, असा तर्क होता. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो पक्षी मारून खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरण्यात आले, अंडी व खाद्य नष्ट करण्यात आले. पक्ष्यांची विल्हेवाट लावणाऱ्या पथकांना संरक्षक पोशाख व ओसेल्टामिवीर हे विषाणूरोधक औषध देण्यात आले. माणसांच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे होती; एकही लागण सिद्ध झाली नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग आढळला. विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की पिल्ले, अंडी व वाहनांच्या ये-जा यांतून आला, याविषयी मतभेद आहेत.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे रोगाची पुष्टी झाली. त्यानंतर नवापूर पुन्हा बाधित झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ ने मेले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात बर्ड फ्लूने कावळे मेले. मार्चमध्ये सोलापूर शहरातही तसेच घडले. एच९एन२ या सौम्य उपप्रकाराची भारतातील पहिली मानवी नोंद मेळघाटातील एका बालकाची (२०१९).

सोलापूर : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ (स्थापना २००४) केगाव येथे असून त्याचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्यापुरते आहे. विद्यार्थी वसतिगृहांबरोबर शहरातही खोल्या घेऊन राहतात. शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीत दक्षतेचे विषय दोन : कोंबडी कापून देणारी दुकाने आणि उघड्यावरील कचऱ्यावर जमणारे कावळे. हिप्परगा तलाव व उजनी जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या क्षेत्रभेटी व हौशी पक्षीनिरीक्षण यांनाही दक्षतेचे पुढील नियम लागू पडतात.

दक्षता : मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास वा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नमुने प्रशिक्षित पथकानेच घ्यावेत. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पक्षी आणू नयेत. पक्षीनिरीक्षण दुर्बिणीतून करावे, परतल्यावर पादत्राणांचे तळ निर्जंतुक करावेत. खानावळीत कच्चे मांस व शिजलेले अन्न यांच्या सुऱ्या, पाट वेगळे असावेत. ७० अंश सेल्सिअसपर्यंत आतून शिजलेल्या मांसातील व बलक घट्ट होईपर्यंत उकडलेल्या अंड्यातील विषाणू नष्ट होतो. कोंबडी खाणेच बंद करावे, याला शास्त्रीय आधार नाही. प्रादुर्भाव जाहीर झाल्यावर सध्या एक किमी परिसर बाधित क्षेत्र, तर त्यापुढे दहा किमीपर्यंत निगराणी क्षेत्र धरले जाते. तेथील क्षेत्रभेटी पुढे ढकलाव्यात.

प्रवास : जागतिक आरोग्य संघटना बर्ड फ्लूसाठी प्रवासबंदी वा विमानतळावरील विशेष तपासणी सुचवत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी जिवंत पक्ष्यांचे बाजार व पोल्ट्री टाळावेत. अमेरिकेत मार्च २०२४ पासून दुभत्या गायींतही एच५एन१ आढळल्याने तेथे कच्चे दूध पिऊ नये. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियास परतलेल्या एका बालिकेत एच५एन१ ची लागण सिद्ध झाली. बाधित भागातून परतल्यापासून दहा दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागल्यास मुखपट्टी लावून डॉक्टरांकडे जावे आणि प्रवास व पक्ष्यांशी आलेला संपर्क आपणहून सांगावा.

लक्षणे व उपचार : ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, कधी डोळे येणे, तीव्र आजारात न्यूमोनिया. नेहमीच्या फ्लूपासून बर्ड फ्लू केवळ लक्षणांवरून वेगळा ओळखता येत नाही. निदान घसा व नाकातील स्रावाच्या आरटी-पीसीआर तपासणीने होते. ओसेल्टामिवीर शक्यतो पहिल्या ४८ तासांत, वैद्यकीय सल्ल्यानेच. भारतातील एच५एन१ चा पहिला मानवी मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्लीत, हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा.

लस : हंगामी फ्लूची लस एच५एन१ पासून संरक्षण देत नाही.