दूषित रक्तपदार्थ प्रकरण, ग्रेट ब्रिटनमधील

रक्ताधानामुळे (दात्याचे रक्त रुग्णाच्या शिरेत भरण्यामुळे) व रक्तापासून तयार केलेल्या औषधांमुळे मुख्यतः १९७० ते १९९१ या काळात ग्रेट ब्रिटनमधील रुग्णांना झालेला यकृतशोथाच्या व एड्सच्या व्हायरसांचा संसर्ग आणि त्याबद्दलच्या तक्रारींचा सु. चाळीस वर्षांचा इतिहास. या प्रकरणात ३०,००० हून अधिक व्यक्तींना संसर्ग झाला आणि त्यांपैकी ३,००० हून अधिक मृत्यू पावल्या. वैद्यकाच्या इतिहासाप्रमाणेच तक्रारनिवारणाच्या इतिहासातही हे प्रकरण महत्त्वाचे आहे. औषधाचा परवाना, डॉक्टरचे आचरण, प्रशासनातील चूक आणि नुकसानभरपाई यांसाठी चार स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात होत्या. परंतु ‘हे कसे घडले व कोणामुळे घडले?’ या रुग्णांच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देणे हे त्यांपैकी एकीचेही काम नव्हते.

रक्तपदार्थ व त्यांतील धोका : हीमोफिलिया या आनुवंशिक विकारात रक्त गोठण्यास आवश्यक असा एक घटक (बहुधा आठवा क्लथन घटक) कमी असतो. त्यामुळे सांध्यांत व इतरत्र वारंवार रक्तस्राव होतो. गोठविलेला रक्तद्रव (रक्तातील द्रव भाग) हळूहळू वितळू दिल्यास तळाशी राहणाऱ्या साक्यात हा घटक पुष्कळ असतो, असे जूडिथ पूल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६४ च्या सुमारास दाखविले. क्रायोप्रेसिपिटेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साक्यामुळे उपचार सुकर झाले. त्यानंतर आलेली संहत भुकटी घरच्या घरी टोचून घेता येत असे व तिने रुग्णांचे जीवन बरेच मोकळे केले. मात्र तिची एक खेप तयार करण्यासाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करीत. त्यामुळे एका दात्याच्या रक्तातील व्हायरस संपूर्ण खेपेत पसरे.

रक्तद्रवातून कावीळ संक्रमित होते, हे १९४० नंतरच्या दशकातच माहीत झाले होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचे रक्त ऐच्छिक दात्यांच्या रक्तापेक्षा अधिक धोक्याचे असते, असे रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते. तरीही १९७३ पासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संहत भुकटीच्या आयातीस ब्रिटनमध्ये परवाने देण्यात आले. तिच्यासाठी लागणारा रक्तद्रव बव्हंशी मोबदला घेणाऱ्या दात्यांचा असे व त्यांत तुरुंगांतील कैदीही असत. ब्रिटनला रक्तपदार्थांबाबत स्वयंपूर्ण करण्यासाठी १९७५ मध्ये डेव्हिड ओएन या आरोग्यमंत्र्यांनी निधी जाहीर केला. पण ते उद्दिष्ट वेळेत साध्य झाले नाही.

परवाना देणारी यंत्रणा : थॅलिडोमाइड या औषधाच्या दुष्परिणामांनंतर ब्रिटनमध्ये १९६८ चा औषध अधिनियम संमत झाला व त्याखाली औषध सुरक्षितता समिती काम करू लागली. मे १९८३ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षण केंद्राचे प्रमुख स्पेन्स गॅलब्रेथ यांनी, १९७८ नंतर अमेरिकेत घेतलेल्या रक्तापासून बनविलेले पदार्थ वापरातून काढून घ्यावेत, असे शासनास लेखी सुचविले. त्याच वर्षी जुलैमध्ये समितीच्या जैव पदार्थविषयक उपसमितीने या प्रश्नाचा विचार केला आणि पुरवठ्यातील अडचण व उपचाराचे फायदे लक्षात घेऊन पदार्थ मागे न घेण्याचा सल्ला दिला. हा विचारविनिमय गोपनीय होता. ज्यांच्या शरीरात ते औषध जाणार होते, त्यांना त्यात स्थान नव्हते.

औषधाचे अनिष्ट परिणाम कळविण्यासाठी १९६४ पासून ‘यलो कार्ड’ (पिवळे पत्रक) योजना होती. तथापि तीत कळविण्याचे काम डॉक्टर व तत्सम व्यावसायिकांकडे असे. रुग्णास स्वतः थेट कळविण्याची सोय २००५ मध्ये सुरू झाली. रक्तदात्यांची एड्सच्या व्हायरसासाठीची सार्वत्रिक तपासणी ऑक्टोबर १९८५ मध्ये, तर यकृतशोथ ‘सी’ साठीची तपासणी सप्टेंबर १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. तोपर्यंत रक्तस्रावी विकारांच्या सु. १,२५० रुग्णांना एड्सच्या व्हायरसाचा संसर्ग झालेला होता व त्यांत सु. ३८० मुले होती. हॅम्पशरमधील ट्रेलोर या निवासी शाळेत १९७० ते १९८७ या काळात हीमोफिलिया असलेले १२२ विद्यार्थी होते. २०२४ मध्ये त्यांपैकी सु. ३० जणच हयात होते.

तक्रारींचे मार्ग : अनेक रुग्णांची रक्ततपासणी त्यांना न सांगता झाली होती व निष्कर्षही त्यांना उशिरा कळविण्यात आले. यकृतशोथ ‘सी’ हा रोग तर वीस-तीस वर्षे सुप्त राहू शकतो. त्यामुळे तक्रार करण्याची वेळ येईपर्यंत तिची मुदत संपलेली असे.

डॉक्टरांची नोंदणी व शिस्त यांसाठी १८५८ च्या अधिनियमाने जनरल मेडिकल कौन्सिल (वैद्यक परिषद) स्थापन झाली. तिचे अधिकारक्षेत्र व्यक्तिगत आचरणाचे. एखाद्या डॉक्टरचे गंभीर व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याचे नाव नोंदवहीतून काढता येई. परंतु देशातील बहुतेक तज्ञ ज्या पद्धतीने उपचार करीत होते, तीच पद्धत सदोष असल्याची तक्रार या चौकटीत बसत नव्हती. कारण ‘मान्य प्रघात’ हाच डॉक्टरचा बचाव ठरे. २००४ च्या नियमांनी पाच वर्षांपेक्षा जुन्या घटनेची तक्रार, सार्वजनिक हिताचे विशेष कारण असल्याखेरीज, पुढे न नेण्याचे ठरविले. आरोग्यसेवेतील गैरकारभाराच्या तक्रारींसाठी १९७३ मध्ये आरोग्यसेवा आयुक्ताचे (लोकपालाचे) पद निर्माण झाले. मात्र वैद्यकीय निर्णयाची चौकशी करण्याचा अधिकार त्यास १९९६ पर्यंत नव्हता. त्याच्याकडे सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत जावे लागे आणि न्यायालयात दाद मागता येण्याजोगे प्रकरण तो सहसा हाती घेत नसे.

न्यायालये व मदतनिधी : एड्सच्या व्हायरसाचा संसर्ग झालेल्या हीमोफिलियाच्या रुग्णांसाठी १९८८ मध्ये मॅकफार्लेन न्यास स्थापण्यात आला. त्यांनी शासनाविरुद्ध लावलेले दावे १९९१ मध्ये तडजोडीने मिटले. शासनाने दोष मान्य न करता रक्कम दिली आणि यकृतशोथाबद्दलही पुन्हा दावा न करण्याचे हमीपत्र रुग्णांकडून घेतले. आपणांस यकृतशोथ ‘सी’ झाला आहे, हे त्यांपैकी अनेकांस तेव्हा माहीत नव्हते. २००१ मध्ये न्यायाधीश बर्टन यांनी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या आधारे रक्ताधानातून यकृतशोथ ‘सी’ झालेल्या दावेदारांच्या बाजूने निर्णय दिला. दूषित रक्त हा ‘सदोष माल’ होय व निष्काळजीपणा सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे त्यात ठरले. तथापि हा अधिनियम मार्च १९८८ पासून अंमलात आल्यामुळे त्यापूर्वीच्या बहुसंख्य रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही.

चौकशी : लॉर्ड आर्चर यांच्या अध्यक्षतेखालील खाजगी चौकशीस (२००७–०९) साक्षीदारांना बोलाविण्याचा वैधानिक अधिकार नव्हता. स्कॉटलंडमधील पेनरोझ चौकशीचा अहवाल २०१५ मध्ये आला. त्यात एकच शिफारस असल्याने रुग्णांची निराशा झाली. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान टेरेसा मे यांनी संपूर्ण देशासाठी वैधानिक चौकशी जाहीर केली. तिचे अध्यक्ष सर ब्रायन लँगस्टाफ यांनी २० मे २०२४ रोजी सात खंडांचा अहवाल सादर केला. ही आपत्ती बऱ्याच अंशी टाळता आली असती. डॉक्टर, रक्तसेवा व एकामागून एक आलेली शासने यांनी रुग्णांच्या सुरक्षिततेस अग्रक्रम दिला नाही. महत्त्वाची कागदपत्रे नष्ट करण्यात आली व सत्य दडविले गेले, असे निष्कर्ष त्यात आहेत. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. त्याच वर्षी भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले व ऑक्टोबरमध्ये सु. ११·८ अब्ज पौंडांची तरतूद जाहीर झाली. या घटनेतील धडे प्रत्येक डॉक्टरच्या शिक्षणात समाविष्ट करावेत, अशी शिफारस वैद्यक परिषदेसह संबंधित संस्थांना करण्यात आली.

इतर देश : फ्रान्समध्ये राष्ट्रीय रक्ताधान केंद्राचे माजी संचालक मीशेल गारेता यांना १९९२ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. कॅनडामध्ये न्यायाधीश होरेस क्रेव्हर यांच्या १९९७ च्या अहवालानंतर रक्तसेवेची पुनर्रचना झाली. जपानमध्ये १९९६ मध्ये शासन व औषध कंपन्या यांनी रुग्णांशी तडजोड केली. या देशांत उत्तर तुलनेने लवकर मिळाले, याचे एक कारण म्हणजे तेथे फौजदारी न्यायालय, चौकशी आयोग किंवा एकत्रित दावे यांद्वारे संपूर्ण व्यवस्थेची तपासणी झाली.

भारतातही अधिकारांची अशीच विभागणी आहे. रक्त हे कायद्याने ‘औषध’ असल्यामुळे रक्तपेढीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाच्या, तर डॉक्टरचे आचरण राज्य वैद्यक परिषदेच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेस ग्राहक संरक्षण अधिनियम लागू केला व जानेवारी १९९६ मध्ये व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. २००२ मध्ये लष्करी रुग्णालयातील रक्ताधानामुळे एड्सच्या व्हायरसाचा संसर्ग झालेल्या वायुसेनेच्या एका कर्मचाऱ्यास २०१४ मध्ये आपल्या आजाराचे निदान कळले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती मान्य करून सु. १ कोटी ५४ लक्ष रुपये भरपाई मंजूर केली. रक्त दिल्यापासून निर्णयापर्यंत एकवीस वर्षे लोटली होती.