तीन रुपये पगाराचा गोलंदाज

कौंडण्यपूर म्हटले की रुक्मिणीचे माहेर आठवते, वर्धेचा काठ आठवतो, आषाढीला पंढरपूरला निघणारी पालखी आठवते. आजूबाजूच्या गावांत कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती. ज्यांना शेती नाही ती घरे मजुरीवर चालतात. अशा घरातल्या पोराला मोठेपणी काय होणार म्हणून विचारले की हमखास उत्तर येते, ‘आयपीएल खेळणार.’ खेळाने गरिबी हटते का? हा प्रश्न जुना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एका मुलाने त्याचे उत्तर शोधायला सुरुवात केली होती.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 साली चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना 3 रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे; बॅट मात्र हातात मिळत नसे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. म्हणजे त्याला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला!

ही डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई. 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही बराच वाद झाल्यावर. बाळूंचे घर चालले ते नोकरीवर. मुंबईत त्यांना रेल्वेत काम मिळाले होते. खेळाने नाव दिले, नावाने नोकरी दिली, आणि सन्मानासाठी मात्र वेगळे झगडावे लागले.

हाच क्रम पुढेही दिसतो. वसीम जाफरचे वडील मुंबईत बेस्टची बस चालवत. वसीम अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळून पुढे आला, इंडियन ऑइलमध्ये नोकरीला लागला, रणजीत 12,038 धावा केल्या. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो आपल्याच संघात होता. गुणवत्ता त्याची स्वतःची होती, पण मागे शाळा होती आणि पगारही होता.

आपल्या अमरावतीने तर हे फार आधी ओळखले. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. पण माझ्या मते त्याहून मोठे काम मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने केले. इथे शिकून गेलेल्या मुलांना क्रीडाशिक्षक म्हणून भाकरी मिळाली. त्यांची नावे वर्तमानपत्रात आली नाहीत, पण घरे उभी राहिली.

आता आयपीएलचा हिशोब करू. 10 संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त 25 खेळाडू, म्हणजे 250. त्यात परदेशी खेळाडूही आले. उलट महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. अमरावतीचा जितेश शर्मा 2023 मध्ये भारताकडून खेळला. त्याला खरे तर सैन्यदलात जायचे होते आणि वाढीव गुणांसाठी तो शाळेच्या क्रिकेटकडे वळला, असे त्यानेच मुलाखतीत सांगितले आहे.

तेव्हा पोरांना मैदानावरून ओढून घरी आणू नका. फक्त शाळेत जाऊन दोन गोष्टी विचारा. क्रीडाशिक्षक आहे का? आणि तालुका-जिल्हा स्पर्धांसाठी मुलांची नावे वेळेवर जातात का? या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाळूंसारखा हात असलेला मुलगाही गावातल्या टेनिस बॉलच्या सामन्यापुढे जाणार नाही. आणि मुलींसाठीही हेच विचारा, कारण त्यांची नावे तर यादीत आणखी उशिरा येतात.