बग्ज बनीचा सातबारा

सातबाऱ्यात मुळात दोन नमुने असतात. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाच्या नावावर आहे. नमुना बारा सांगतो की त्या साली तिच्यात पीक काय होतं. नाव स्वच्छ, वाद नाही, बोजा नाही आणि पिकाच्या रकान्यात मात्र ‘पड’, असे उतारे गावोगाव निघतात. हॉलिवूडच्या जुन्या कार्टूनांचा उतारा काढला तर असंच काहीसं हाती येतं. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘लूनी ट्यून्स’ आणि ‘मेरी मेलडीज’ या दोन मालिकांत १९३० ते १९६९ या काळात सुमारे हजार कार्टूनं तयार झाली. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, रोड रनर ही मंडळी त्यांतलीच. या कार्टूनांची मालकी तुकड्यातुकड्यांत विखुरलेली होती तेव्हा ती घरोघरी दिसत होती. सगळे तुकडे एकाच नावावर आले आणि थोड्याच वर्षांत ती दिसेनाशी झाली. ‘तुम्ही दाखवत नसाल तर दुसऱ्या वाहिन्यांना दाखवायला द्या,’ असं या स्टुडिओला सांगणारे चाहते भाबडे वाटतात. पण या मालमत्तेचे फेरफार एकामागोमाग वाचले की त्यांचं म्हणणं व्यवहारी वाटायला लागतं.

सुरुवात झाली गाण्यांच्या जाहिरातीतून. बोलपट आल्यावर वॉर्नरने संगीत प्रकाशन कंपन्या विकत घेतल्या होत्या आणि त्या गाण्यांचा बोलबाला व्हायला हवा होता. लिऑन श्लेसिंजर या निर्मात्याने ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांच्याकडून कार्टूनं करून घेतली. १९३० मध्ये ‘सिंकिंग इन द बाथटब’ आलं आणि त्यात बॉस्को नावाचं पात्र झळकलं. पुढे टेक्स एव्हरी, बॉब क्लॅम्पेट, फ्रिझ फ्रेलेंग, चक जोन्स असे एकाहून एक दिग्दर्शक आले. मेल ब्लँकचा आवाज आणि कार्ल स्टॉलिंगचं संगीत यांनी या कार्टूनांना स्वतःचा ठसका दिला. १९४० च्या ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये बग्ज बनी आज आपण ओळखतो त्या रूपात उभा राहिला. १९४४ मध्ये वॉर्नरने श्लेसिंजरकडून अख्खा कारखानाच घेतला.

पण स्टुडिओच्या लेखी हा जोडधंदाच होता. सहा-सात मिनिटांचं कार्टून मुख्य चित्रपटाच्या आधी लागायचं, आठवडाभर चालायचं आणि डबा कपाटात जायचा. काही वर्षांनी तोच डबा ‘ब्लू रिबन’ नावाने पुन्हा बाहेर यायचा. १९४३ पासून सुरू झालेल्या या पुनर्प्रदर्शनात नवी शीर्षकपाटी चिकटवताना मूळ पाटी कापून टाकत. त्या पाटीवर दिग्दर्शक, अॅनिमेटर, लेखक, संगीतकार यांची नावं असत. ती गेली की कार्टून पोरकं. पुढची कित्येक दशकं प्रेक्षकांनी ही कार्टूनं पाहिली ती कोणी केली हे न कळताच. मालक स्वतःच्या मालाला काय समजत होता, ते या कात्रीवरून कळतं.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. मोठा चित्रपट हवा असेल तर त्यासोबत बाकीचा मालही घ्या, ही स्टुडिओंची सक्ती बेकायदा ठरली. कार्टूनचा हिशेब इथून बिघडला. त्यातच घरोघरी टीव्ही येऊ लागला. वॉर्नरला हा प्रतिस्पर्धी वाटत होता, आणि जुना माल त्याच्या गळ्यात मारून सुटता येईल असंही वाटत होतं. १९५५ मध्ये कृष्णधवल ‘लूनी ट्यून्स’ गिल्ड फिल्म्स या कंपनीकडे गेली. १९५६ मध्ये त्याहून मोठा व्यवहार झाला. असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे ए.ए.पी., या कंपनीने वॉर्नरचे जुने चित्रपट आणि १ ऑगस्ट १९४८ च्या आधीची रंगीत कार्टूनं मिळून सगळं सुमारे २ कोटी १० लाख डॉलरना उचललं. त्याच सुमारास तिने पॅरामाउंटकडून ‘पॉपाय’ही घेतला.

डिस्नेचं धोरण नेमकं उलटं होतं. १९३६ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सशी नवा करार करायची वेळ आली तेव्हा वॉल्ट डिस्नेने टीव्हीचे भावी हक्क सोडायला नकार दिला आणि सरळ आरकेओशी घरोबा केला. टीव्ही तेव्हा प्रयोगशाळेतच होता. १९५४ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘डिस्नेलँड’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या हक्कांचं मोल कळलं. डिस्नेने जुनी कार्टूनं मोजूनमापून दाखवली आणि बदल्यात आपल्या उद्यानासाठी एबीसीकडून भांडवल मिळवलं. वॉर्नरने घाऊक विकलं, डिस्नेने राखून वापरलं. धंद्याच्या पुस्तकांत डिस्ने शहाणा ठरतो आणि ते बरोबरही आहे.

प्रेक्षकांच्या बाजूने पाहिलं तर मात्र चित्र वेगळं दिसतं. ए.ए.पी.ने ही कार्टूनं शहरोशहरीच्या स्थानिक केंद्रांना भाड्याने दिली. केंद्रांकडे वेळ भरपूर आणि पैसा कमी. मग कुठे कॅप्टनची टोपी घातलेला, कुठे शेरीफचा बिल्ला लावलेला सूत्रधार उभा राहायचा, दोन विनोद करायचा आणि ‘पॉपाय’ किंवा बग्ज बनी लावून द्यायचा. शाळेतून आल्यावर रोज तेच कार्टून पाहणारी पिढी अशी तयार झाली. थिएटरमध्ये आठवडाभर चाललेलं कार्टून आता वर्षानुवर्षं चालू लागलं. बग्ज बनी अमेरिकेचा घरचा झाला तो इथे, आणि तेव्हा ही जुनी कार्टूनं वॉर्नरच्या मालकीची नव्हती.

१९४८ नंतरची कार्टूनं वॉर्नरने हाती ठेवली होती. त्यांतूनच १९६० मध्ये एबीसीवर रात्रीच्या मुख्य वेळेत ‘द बग्ज बनी शो’ आला. नंतर या कार्टूनांचा मुक्काम शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमांत हलला. तिथे वाहिन्यांची कात्री चालू लागली. शिकारी एल्मर नेम धरतो आणि पुढच्याच क्षणी डॅफीची चोच डोक्यामागे फिरलेली दिसते. मधला बार गायब. चक जोन्सच्या विनोदात सगळा जीव त्या अर्ध्या सेकंदाच्या थांबण्यात असतो. तोच कापला की उरते नुसती वाकडी चोच.

मालकीच्या नोंदी दरम्यान गुंतत चालल्या होत्या. ए.ए.पी. १९५८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने घेतली. ए.ए.पी.चा संस्थापक एलियट हायमन ‘सेव्हन आर्ट्स’ या कंपनीत गेला आणि १९६७ मध्ये त्या कंपनीने चक्क वॉर्नर ब्रदर्सच विकत घेतली. ज्याने वॉर्नरचा जुना माल घेतला होता, तोच आता वॉर्नरच्या गादीवर. रंगीत टीव्हीच्या त्या जमान्यात कृष्णधवल पोर्की पिगला कोणी विचारीना. म्हणून ती कार्टूनं दक्षिण कोरियाला पाठवून हाताने पुन्हा गिरवून रंगवली गेली. खर्च वाचवायला मधली चित्रं गाळली. परिणामी पोर्की हबकत हबकत चालतो आणि मागची चित्रं विटक्या कापडासारखी दिसतात. काही कार्टूनांच्या बाबतीत तर अठ्ठावीस वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करायचंच राहून गेलं. ‘अ कॉर्नी कॉन्सर्टो’ आणि ‘फॉलिंग हेअर’ ही १९४३ ची दोन नामी कार्टूनं अशी सर्वांसाठी मोकळी झाली आणि स्वस्तातल्या व्हिडिओ कॅसेटींवर मिळू लागली.

मग आला टीव्ही वाहिन्यांचा मालक टेड टर्नर. युनायटेड आर्टिस्ट्स तोवर एमजीएममध्ये मिसळली होती. १९८६ मध्ये टर्नरने सुमारे दीड अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली, कर्जाने कंबरडं मोडल्यावर काही महिन्यांतच बहुतेक भाग विकून टाकला आणि जुन्या फितींचं भांडार तेवढं ठेवलं. लोक हसले. पण त्या भांडारात ‘टॉम अँड जेरी’ होते, ‘पॉपाय’ होता आणि १९४८ पूर्वीचा बग्ज बनीही होता. १९९१ मध्ये त्यात हॅना-बार्बेराचा साठा आला आणि १ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘कार्टून नेटवर्क’ सुरू झालं. दिवसरात्र कार्टून दाखवणारी वाहिनी उभी राहिली ती या जुन्या डब्यांवर.

आपल्याकडे हा प्रवाह १९९५ मध्ये पोचला. दिवसभर कार्टून नेटवर्क आणि रात्री त्याच जागी टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट. पुण्या-मुंबईतल्या केबलवाल्याने वायर टाकली आणि इंग्रजीचं अक्षर न कळणारी पोरं टॉम-जेरीवर खिदळू लागली. त्या दोघांना भाषेची गरज नव्हतीच. पुढे हिंदी डबिंग आलं, २००४ मध्ये ‘पोगो’ आलं, मग देशी मालिकांनी वेळा व्यापल्या आणि चाळीसच्या दशकातली ती कार्टूनं इथूनही हळूहळू मागे सरकली.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात एकच ससा किती दारांत उभा होता, ते पाहण्यासारखं आहे. टर्नरच्या वाहिन्यांवर जुनी कार्टूनं. निकलोडियनवर, म्हणजे व्हायकॉमच्या घरी, १९८८ पासून ‘लूनी ट्यून्स’. शनिवारी सकाळी एबीसीवर ‘द बग्ज बनी अँड ट्वीटी शो’. आणि १९९६ मध्ये डिस्नेने एबीसी घेतल्यावरही तो कार्यक्रम चालूच राहिला. म्हणजे काही वर्षं बग्ज बनी मिकी माऊसच्या ओसरीवर बसून वॉर्नरला भाडं मिळवून देत होता. त्यामुळे वॉर्नरचं काही अडलं नाही, डिस्नेचंही नाही.

१९९६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सची मालक असलेल्या टाइम वॉर्नरने टर्नरची कंपनी घेतली. चाळीस वर्षांनी दोन्ही तुकडे एकत्र आले. १९९९ मध्ये निकलोडियनचा करार संपला, २००० मध्ये एबीसीचा, आणि सगळा साठा एकट्या कार्टून नेटवर्ककडे आला. सोय चांगली होती, पण एका दाराने जगण्यात एक धोका असतो. त्या वाहिनीला आता स्वतःच्या नव्या मालिका उभ्या करायच्या होत्या, आणि जुन्या कार्टूनांना खेळण्यांच्या जाहिरातदारांत भाव नव्हता. काही वर्षांतच ‘लूनी ट्यून्स’ तिथून उतरली. दुसरीकडे कुठे जायची सोय नव्हती. कारण मालक आणि दाखवणारा आता एकच होता. याच काळात, २००३ ते २००८ मध्ये, मूळ निगेटिव्हवरून साफ केलेल्या ‘गोल्डन कलेक्शन’ डीव्हीडींचे सहा संच निघाले. म्हणजे प्रती इतक्या देखण्या आधी कधीच नव्हत्या आणि टीव्हीवर त्यांना जागा नव्हती.

स्ट्रीमिंगमध्ये हेच पुन्हा घडलं. मे २०२० मध्ये वॉर्नरच्याच घरचं एचबीओ मॅक्स सुरू झालं तेव्हा या कार्टूनांचा मोठा साठा तिथे दिमाखात मांडला होता. २०२२ च्या शेवटी त्यातला सुमारे निम्मा हलवला. १९५७ चं ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेलेलं लघुकार्टून. पण १९५० नंतरचा माल गेला तसं तेही गेलं. मार्च २०२५ मध्ये उरलेली जुनी कार्टूनंही काढली. मुलांच्या कार्यक्रमांमुळे वर्गणीदार येत नाहीत, असा त्यामागचा हिशेब होता. हिशेब चुकीचा असेलच असं नाही. चूक आहे ती एकाच दुकानाच्या हिशेबावर सगळ्या मालाचं भवितव्य ठरवण्यात.

भाड्याने दिल्यावर काय होतं, याचे दाखले आता समोर आहेत. शिकागोच्या वायगेल कंपनीची ‘मीटीव्ही’ ही साध्या अँटेनावर फुकट दिसणारी वाहिनी. तिने जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नरकडून हक्क घेऊन ‘टून इन विथ मी’ सुरू केला आणि त्यात पन्नासच्या दशकातला तो स्थानिक सूत्रधारच परत आणला. जून २०२४ मध्ये ‘मीटीव्ही टून्स’ ही स्वतंत्र वाहिनी निघाली, वॉर्नरच्याच सहकार्याने. ऑगस्ट २०२५ मध्ये फॉक्सच्या मालकीच्या ‘टुबी’ या मोफत सेवेवर सातशेहून अधिक ‘लूनी ट्यून्स’ आली. डिस्नेसारख्या हात आखडता घेणाऱ्या स्टुडिओनेही २०१४ पासून काही वर्षं आपल्या तिजोरीतले चित्रपट आणि कार्टूनं ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ला, म्हणजे परक्या वाहिनीला, दाखवू दिली होती.

तेव्हा मागणी करायचीच तर ती नेमकी करावी. परवाना म्हणजे विक्री नव्हे. किती कार्टूनं, किती वर्षांसाठी, कितीदा दाखवायची, कोणत्या प्रदेशात, हे सगळं करारात बांधता येतं. १९५६ च्या घाऊक विक्रीची चूक टाळायची तर मालकी स्टुडिओकडेच राहू द्यावी. २००० नंतरची कोंडी टाळायची तर हक्क कोणा एकालाच देऊ नयेत. एकाने नाकारलं तर दुसरं दार उघडं हवं. शनिवार सकाळच्या कात्रीचा धडा असा की साफ केलेली, न कापलेली प्रत द्यावी आणि तशीच दाखवण्याची अट घालावी. आणि ब्लू रिबनचा धडा असा की जिथे मूळ पाट्या सापडल्या आहेत तिथे त्या कार्टूनासोबत गेल्या पाहिजेत, म्हणजे करणाऱ्यांची नावं परत जागेवर येतील.

स्टुडिओला यात घाई करायला एक कारण आहे. अमेरिकेत त्या काळच्या कृतींचा कॉपीराइट ९५ वर्षं चालतो. १९३० ची बॉस्कोची कार्टूनं १ जानेवारी २०२६ पासून सर्वांसाठी मोकळी झाली. ‘अ वाइल्ड हेअर’ची पाळी १ जानेवारी २०३६ ला येईल. नंतरही ट्रेडमार्क राहतील, पुढची कार्टूनं राहतील, खेळणी आणि नवे चित्रपट राहतील. पण त्या सगळ्याची किंमत एकाच गोष्टीवर ठरते: त्या सशाला ओळखणारी, त्याच्यावर हसलेली मुलं तेव्हा किती असतील. ती मुलं घडवायचं काम आजवर बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या वाहिन्यांनी केलं आणि त्याचं भाडंही दिलं. मालकाला त्यासाठी करारावर सही करण्यापलीकडे फारसं काही करावं लागलं नाही.