मोडी लिपींतील संदेह व त्याचें माप

उमरखेड हें ग्रामनाम मोडींत लिहिलें असतां आरंभींचा उ ह्रस्व कीं दीर्घ, हें अक्षरावरून कळत नाहीं. कारण मोडींत इ-ई व उ-ऊ यांस सामान्यतः एकेकच चिन्ह असतें. गांव परिचित असल्यानें येथें अडत नाहीं. परंतु ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हे दोन्ही शब्द मोडींत एकरूपच दिसतात.

असला संदेह मोजतां येतो. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं माहितीचें गणिती माप मांडलें. ‘बिट’ हें त्याचें परिमाण. दोन्ही पाठ सारखेच संभवनीय असतील तर संदेह १ बिट; एकाचा संभव दहांत नऊ असेल तर सुमारें ०.४७ बिट, पूर्ण निश्चय असेल तर शून्य. वंशावळींत ‘सुत’ आणि कोष्ट्याच्या हिशेबांत ‘सूत’, हा निश्चय संदर्भ देतो, अक्षर नव्हे.

म्हणून बालबोधींत नक्कल करणारा जेव्हां ह्रस्वदीर्घ ठरवितो, तेव्हां तो अक्षरांत नसलेली माहिती पदरची घालीत असतो. मूळ कागद कसरीनें खाल्ल्यावर ती भर ओळखणार कोण? यास्तव संदेहस्थळें नकलेंत खूण करून दाखवावीं, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.