तुऱ्याचा निरोप

आमच्या नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर घरोघरी गावठी कोंबड्या असतात. पिले दोन-तीन महिन्यांची झाली, की घरातली बाई त्यांच्या तुऱ्यांवर लक्ष ठेवू लागते. ज्याचा तुरा झपाट्याने वाढून लालभडक होतो, चोचीखालच्या पाळ्या लोंबू लागतात, जो फाटक्या आवाजात आरवू पाहतो, तो कोंबडा. तलंगेचा तुरा बराच काळ लहान व फिकट राहतो. पुढे तो लाल झाला व ती आडोसा शोधू लागली, म्हणजे ती अंड्यावर आली. कोणते पाखरू विकायचे, कोणते राखायचे, हे या खुणांवरून ठरते. आपल्या वर्गातील काही मुलांना त्या आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात.

पण हा बदल घडतो कसा?

कोंबडा खच्ची केला, की त्याचा तुरा फिका पडतो व आरवणे थांबते, हे अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. म्हणजे वृषणांशी असलेला संबंध माहीत होता. परंतु वृषण पोटात आणि तुरा डोक्यावर. मग निरोप पोचतो कोणत्या वाटेने? मज्जातंतूंच्या?

जर्मनीत ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी ऑगस्ट १८४८ मध्ये सहा कोवळे नर निवडले. दोघांचे दोन्ही वृषण काढले. दोघांचे एकेक वृषण काढून दुसरे मूळ जागेपासून सोडवले, पण पोटातच ठेवले. उरलेल्या दोघांचेही दोन्ही वृषण काढले व एकाचे एक दुसऱ्याच्या आतड्यांमध्ये ठेवले. पहिले दोघे खच्ची कोंबड्यांसारखे मंद राहिले. बाकीचे चार मात्र आरवले, भांडले, कोंबड्यांमागे धावले. त्यांचे तुरेही नेहमीसारखे वाढले. पुढे शवविच्छेदनात दिसले, की आतड्यांना चिकटलेल्या वृषणात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. जुने मज्जातंतू तर तुटलेलेच होते. तेव्हा निरोप रक्तातूनच जात असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १८४९ मध्ये अवघ्या चार पानांत मांडला.

त्याकडे अर्धे शतक फारसे कोणी लक्ष दिले नाही. रक्तातून निरोप नेणाऱ्या द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ म्हटले; आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. पुढे वृषणाच्या अर्काची ताकद रसायनशास्त्रज्ञ खच्ची कोंबड्याचा तुरा किती वाढतो यावरून मोजू लागले. १९३५ मध्ये शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती आले. तलंगेचा तुराही तिच्या अंडाशयातून येणाऱ्या अशाच संप्रेरकांमुळे लाल होतो.

पाड्यावरची बाई जी खूण पाहते, तीच प्रयोगशाळेत मोजमापाचे साधन झाली. आपल्याला कोंबड्यांवर शस्त्रक्रिया करायची नाही. ज्या मुलांच्या घरी पिले आहेत, त्यांना दर आठवड्याला तुऱ्याची लांबी मोजून वहीत लिहू द्यावी. पहिले आरवणे व पहिले अंडे यांच्या तारखाही नोंदवू द्याव्यात. संप्रेरकांचा पाठ त्या वहीपासून सुरू करावा.