खुळखुळ्यांचे कपाट : सांस्कृतिक सापेक्षतावादाची कुळकथा

प्रत्येक समाजातील रूढी, श्रद्धा आणि वस्तू यांचा अर्थ त्या समाजाच्या एकूण जगण्यात ठेवूनच लावला पाहिजे, या भूमिकेला मानवशास्त्रात सांस्कृतिक सापेक्षतावाद असे म्हणतात. उलट आपली रीत हीच जगाची मोजपट्टी धरून इतरांना श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची जी सवय जवळजवळ सर्व समाजांत आढळते, तिला स्वसंस्कृतिकेंद्रितता हे नाव आहे. ही सवय ओळखणारे लोक प्राचीन काळीही होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सांगितलेल्या एका कथेत इराणचा सम्राट दारियस मृत पित्याचे दहन करणाऱ्या ग्रीकांना आणि मृत पित्याचे मांस खाणाऱ्या एका भारतीय जमातीला, एकमेकांची रीत किती धन मिळाल्यास पत्कराल, असे विचारतो आणि दोघेही सारख्याच तिटकाऱ्याने नकार देतात. मात्र अशा जाणिवेची अभ्यासपद्धती होण्यास एकोणिसावे शतक सरत यावे लागले, आणि ती पद्धती आकाराला आली ती वस्तुसंग्रहालयातील कपाटे कशी लावावीत या अगदी व्यावहारिक वादातून.

त्या काळी युरोप-अमेरिकेतील विद्वानांवर उत्क्रांतीच्या एकरेषीय कल्पनेचा पगडा होता. लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या 'एन्शंट सोसायटी' या ग्रंथात सर्व मानवसमाज वन्यावस्था, रानटी अवस्था आणि सभ्यता या पायऱ्या क्रमाने चढत जातात असे मांडले होते, आणि सर्वांत वरच्या पायरीवर अर्थातच लेखकाचा स्वतःचा समाज उभा होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओटिस मेसन यांनी हीच कल्पना कपाटांत उतरविली होती. त्यांच्या मांडणीत वस्तू कोणत्या जमातीची आहे याला दुय्यम स्थान होते. निरनिराळ्या लोकांची धनुष्ये एकत्र, भांडी एकत्र, वाद्ये एकत्र, आणि प्रत्येक गटात साध्याकडून गुंतागुंतीच्या वस्तूकडे जाणारा क्रम, अशी ती रचना होती. सारख्या कारणांतून सारखेच परिणाम निपजतात, म्हणून सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकाच शोधाच्या पायऱ्या होत, असे मेसन यांचे म्हणणे होते.

या मांडणीला १८८७ साली 'सायन्स' या साप्ताहिकातून आव्हान देणारे फ्रान्झ बोआस हे मुळात मानवशास्त्रज्ञ नव्हते. जर्मनीतील मिंडेन येथे १८५८ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या बोआस यांनी कील विद्यापीठात पाण्याच्या रंगावर प्रबंध लिहून १८८१ साली भौतिकशास्त्रातील पदवी मिळविली होती. भूगोलाच्या ओढीने १८८३-८४ मध्ये ते उत्तर कॅनडातील बॅफिन बेटावर गेले, आणि तेथील इनुइट लोकांबरोबर हिवाळा काढताना, शिकार एकमेकांत वाटून घेणाऱ्या या लोकांना रानटी म्हणण्याचा सुशिक्षित युरोपीयांना काय अधिकार, हा प्रश्न त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदविला. पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील जमातींचा अभ्यास सुरू केल्यावर मेसन यांच्या कपाटांतील उणीव त्यांच्या ध्यानात आली : त्या जमातींच्या वस्तू इमारतभर विखुरल्या होत्या, आणि त्यामुळे त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य जवळजवळ नाहीसे झाले होते.

बोआस यांनी दिलेले उदाहरण खुळखुळ्याचे होते. खुळखुळा म्हणजे आवाज करण्याचे साधन एवढेच धरले, तर जगभरचे खुळखुळे एका रांगेत मांडता येतील. परंतु एका ठिकाणी तो आत्म्यांना बोलावण्यासाठी किंवा पळवून लावण्यासाठी वाजविला जात असेल, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या मुळाशी लहान मुलांना आवाजातून होणारा आनंद असेल, आणि त्याचा आकार त्या लोकांच्या कलापरंपरेने ठरविलेला असेल. दिसण्यात सारखी असलेली वस्तू वेगवेगळ्या कारणांतून जन्म घेऊ शकते, म्हणून ती तिच्या माणसांच्या इतर वस्तूंशेजारी, त्यांच्या विधींच्या आणि कथांच्या संगतीत ठेवली तरच तिचा अर्थ कळेल, असे सांगून बोआस यांनी त्याच वादात सभ्यता ही निरपेक्ष नसून सापेक्ष असते हे सूत्र मांडले. यातील विचार फार मोलाचा आहे, कारण तो चांगुलपणावर किंवा सहिष्णुतेवर आधारलेला नाही. पाहण्यातली चूक कशी टाळावी, याचा तो नियम आहे. दोन वर्षांनी लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी हाच नियम कानाला लावला. अमेरिकेतील आदिवासी एकच शब्द कधी एका ध्वनीने, कधी दुसऱ्या ध्वनीने उच्चारतात, हे त्यांच्या भाषांच्या मागासपणाचे लक्षण मानले जात असे; बोआस यांनी दाखवून दिले की दोष बोलणाऱ्याच्या जिभेचा नव्हता, स्वतःच्या भाषेतील ध्वनींच्या साच्यातून ऐकणाऱ्या संशोधकाच्या कानाचा होता.

पुढचा प्रसार झपाट्याने झाला. १८९९ साली बोआस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि आल्फ्रेड क्रोबर, रॉबर्ट लोवी, रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड अशा शिष्यांनी ही दृष्टी सर्वत्र नेली. स्वसंस्कृतिकेंद्रितता ही संज्ञा रुळविली ती विल्यम ग्रॅहम समनर यांच्या १९०६ सालच्या 'फोकवेज' या ग्रंथाने. आपला गट आणि परका गट हा भेदही त्यांनीच समाजशास्त्रात रूढ केला.

तथापि या कुळकथेत एक लाजिरवाणे प्रकरण आहे आणि ते वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बोआस न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात काम करीत असताना, एखाद्या इनुइट व्यक्तीला अभ्यासासाठी आणावे अशी सूचना त्यांनी रॉबर्ट पिअरी या संशोधक प्रवाशाला केली होती. पिअरीने १८९७ साली ग्रीनलंडहून सहा जणांना आणले आणि त्यांपैकी चौघे काही महिन्यांतच आजारपणाने दगावले. मिनिक नावाच्या लहान मुलाच्या समाधानासाठी त्याच्या वडिलांचा खोटा दफनविधी करण्यात आला आणि सांगाडा संग्रहालयाने ठेवून घेतला. बोआस यांनी पुढे या कृतीचे समर्थन केले. त्या अस्थी ग्रीनलंडला परत गेल्या त्या १९९३ साली. वस्तूला तिच्या माणसांपासून तोडू नये असे सांगणाऱ्या विद्वानाला माणूसच वस्तू होताना दिसू नये, ही विसंगती कोणत्याही काळाच्या मर्यादेने झाकली जात नाही.

पाहण्याचा हा नियम जेव्हा नीतीचा सिद्धांत म्हणून मांडला गेला, तेव्हा त्याची दुसरी अडचण पुढे आली. संयुक्त राष्ट्रसंघ मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करीत असताना, १९४७ साली, बोआस यांचे शिष्य मेलव्हिल हर्सकोव्हिट्स यांनी लिहिलेले निवेदन अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने सादर केले. मूल्ये ज्या संस्कृतीतून येतात तिच्याशी ती सापेक्ष असतात, म्हणून एका संस्कृतीची मूल्ये साऱ्या मानवजातीवर लादता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. वसाहतवादाच्या अनुभवानंतर ही धास्ती रास्तच होती. परंतु मग एखाद्या समाजाने आपल्यातल्याच दुर्बळांवर चालविलेल्या जुलमाविषयी काय म्हणायचे, याचे उत्तर त्या निवेदनात नव्हते, आणि संघटनेच्या सभासदांनीच ते तत्काळ दाखवून दिले. रूढीचा अर्थ समजून घेणे आणि रूढीला मान्यता देणे या दोन क्रिया येथे एक झाल्या होत्या.

त्या वेगळ्या ठेवता येतात, याचे उत्तम प्रमाण बोआस यांच्याच विद्यापीठात तीन दशके आधी घडले होते. ९ मे १९१६ रोजी, बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातील चर्चासत्रात भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाने ग्रासलेले असल्यामुळे जातीच्या मुळाशी त्यांना कातडीचा रंगच दिसला, असे त्यांनी त्यात बजावले. स्वसंस्कृतिकेंद्रिततेवरचा हा नेमका आक्षेप होता. मग जातीची यंत्रणा आतून उलगडीत, गटाबाहेर लग्न न करण्याच्या नियमावर ती कशी उभी आहे आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढी तो नियम कसा टिकवितात, हे त्यांनी दाखविले. त्या निबंधात समजून घेण्याची शिस्त पूर्ण पाळलेली आहे. वीस वर्षांनी, १९३६ साली, त्याच लेखकाने 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहून जातिसंस्थेच्या निर्मूलनाची मागणी केली, आणि त्या मागणीतला एकही शब्द पहिल्या निबंधातील समजुतीला बाधा आणत नाही.