ज्योतीतून आलेला गारवा

चुलीवर ठेवलेले भांडे तापते, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पण विस्तव पेटवून बर्फ करता येतो असे कुणी म्हटले, तर आपण त्याच्याकडे संशयाने पाहू. तरीही युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी कॅम्पर गाड्यांत, म्हणजे चाकांवरच्या घरांत, हेच घडत असते. फ्रीजच्या पाठीमागे गॅसची एक छोटी निळी ज्योत जळते आणि आत दूध गार राहते. ही ज्योत सांभाळण्याचे काही नियम आहेत. ते वाचायला रुक्ष वाटतात. पण त्यांच्यामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास उभा आहे.

आपल्या माठापासूनच सुरुवात करू. माठातले पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. फ्रीजची युक्ती हीच. फक्त उडालेली वाफ पुन्हा पकडून तिचा द्रव करावा लागतो. विजेच्या फ्रीजमध्ये हे काम पंप करतो. फर्दिनां कारे या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये ते आचेवर करून दाखवले. अमोनिया थंड पाण्यात भराभर विरघळतो आणि ते पाणी तापवले की बाहेर पडतो, एवढ्यावर त्याचे यंत्र चालत असे. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. नाकेबंदीमुळे दक्षिणेकडच्या राज्यांना उत्तरेतला नैसर्गिक बर्फ मिळेना, तेव्हा कारेची यंत्रे तिथे चोरून आणली गेली. उत्तरेतला हाच बर्फ १८३० च्या दशकापासून जहाजात भरून आपल्या मुंबईलाही येत होता.

कारेचे यंत्र कारखान्याच्या मापाचे होते. ते घरात आणले स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स अशी त्यांची नावे. १९२२ मध्ये त्यांनी बंद नळ्यांत अमोनिया आणि पाण्याबरोबर हायड्रोजन कोंडला. त्यामुळे आतला एकूण दाब सगळीकडे सारखा राहिला आणि तरीही गार भागात अमोनिया सहज उडू लागला. पंप गेला, फिरणारा एकही भाग उरला नाही. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने हा शोध विकत घेतला. हॉटेलच्या खोलीत असलेला, जराही आवाज न करणारा छोटा फ्रीज अनेकदा याच कुळातला असतो.

त्या काळी फ्रीज ही घरात ठेवायला भीतीदायक वस्तू होती. आत सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू असत. १९२६ च्या सुमारास बर्लिनमधले एक कुटुंब मुलाबाळांसह झोपेतच गेले. फ्रीजमधून वायू गळला होता. ही बातमी वाचून अल्बर्ट आईनस्टाईन अस्वस्थ झाले. तरुण सहकारी लिओ सिलार्ड यांच्याबरोबर त्यांनी फिरते भाग नसलेल्या, म्हणून न गळणाऱ्या फ्रीजचे आराखडे केले. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंटही मिळाले. तो फ्रीज बाजारात कधी आला नाही. त्याच सुमारास फ्रिऑन आला, पंपाचे फ्रीज निर्धोक वाटू लागले, आणि ज्योतीचा फ्रीज जिथे विजेची तार पोहोचत नाही तिथे उरला. कॅम्पर गाडी ही तशीच जागा.

पण गळणाऱ्या विषाची भीती गेली, तरी घरात ज्योत आली होती. ज्योत नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. १९३३ ते १९५७ या काळात बनलेले सर्व्हेल कंपनीचे जुने गॅस फ्रीज अमेरिकेत कित्येक दशके वापरात राहिले आणि त्यांच्यामुळे माणसे दगावली. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी आयोगाला ते बंद करा असे जाहीर सांगावे लागले. २००६ मध्ये डोमेटिक कंपनीने गाड्यांतले नऊ लाखांहून अधिक फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलावले. तापणाऱ्या नळीला तडा जाऊन आग लागण्याचा धोका होता.

आता नियमांकडे पाहा. ज्योत निळी हवी. ती पिवळी पडली किंवा काजळी धरू लागली, तर फ्रीज बंद करून जाणकाराला दाखवावा. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून यावी आणि धूर बाहेरच जावा. थंडी वाजते म्हणून गाडीच्या जाळ्या बुजवू नयेत. झोपण्याच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून भोक असते. तिथे सामान कोंबू नये. ज्योतीजवळ दोन धातूंच्या जोडाची एक कांडी असते. ती तापलेली असेपर्यंत किंचित वीज निर्माण होते आणि तिच्यावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप आपोआप मिटते. ही झडप कधीही अडकवून ठेवू नये. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत विझवावी आणि चालत्या गाडीत फ्रीज बॅटरीच्या विजेवर घ्यावा. मुक्कामी गाडी सपाट जागी उभी करावी, कारण आतला द्रव केवळ उतारानेच वाहतो. गाडी फार कलली तर तो अडतो आणि कोरडी नळी जास्त तापते. फ्रीजजवळ अमोनियाचा उग्र दर्प आला, तर फ्रीज बंद करून दारे उघडावीत आणि सगळ्यांनी बाहेर पडावे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. परदेशी असलेल्या मुला-नातवंडांबरोबर अशा गाडीतून हिंडणारे आजी-आजोबाही आता आपल्या ओळखीत असतात. गाडीत फ्रीज गॅसवर चालत असेल, तर पहिल्याच संध्याकाळी त्याची ज्योत कुठे आहे ते विचारून घ्यावे. हा फ्रीज आवाज करत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण काही बिघडले तरी तो गप्पच असतो. तेव्हा झोपण्यापूर्वी एकदा वाकून ज्योतीचा रंग पाहायचा, एवढे काम माणसालाच करावे लागते.